घोडं नेमकं कुठं पेंड खातं

घोड्याचा विमा उतरवायचा म्हटलं की माणूस आधी घोड्याच्या मरणाचा विचार करतो. त्यात त्याचं फारसं चुकत नाही. विमा हा विषयच असा आहे की नुसता काढला तरी डोळ्यांपुढे तेरावा दिसायला लागतो. पण घोडा मरतो एकदाच. त्याआधी वीस-पंचवीस वर्षं तो लंगडतो, पोट दुखलं म्हणून गडाबडा लोळतो, फटाक्याला बुजतो, नवरदेवाला खाली ठेवून पुढे निघून जातो, आणि यातलं काहीही केलं तरी त्याची चंदी चालूच राहते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की घोडा मेला तर काय, हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर ठेवावा. पहिला प्रश्न, घोडा जगला तर काय?

हा प्रश्न घोड्याच्या शरीररचनेतूनच निघतो. चारशे-पाचशे किलोचं धूड निसर्गाने चार काटक्यांवर उभं केलं आहे. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच; हाड, कंडरा आणि देवाची कृपा. एक पाय जायबंदी झाला की त्याचा भार दुसऱ्या पायांवर जातो, आणि मग तो धडधाकट खूरही सुजून निकामी होऊ शकतो. पोटाची तऱ्हा तर आणखी न्यारी. जठर लहान, आतडं लांबलचक, आणि घोड्याला उलटी होत नाही. गिळलं ते पुढेच जाणार. अडचणीची जागा शोधताना आपण ‘घोडं कुठं पेंड खातंय’ असं विचारतो. घोड्याच्या डॉक्टरला हा प्रश्न शब्दशः विचारावा लागतो, वर ‘किती खाल्ली’ हेही. आता आपल्याकडची साधी जनावरांची पॉलिसी उघडून पाहा. अपघाताने किंवा आजाराने आलेला मृत्यू तिच्यात असतो. कायमच्या अपंगत्वासाठी जादा हप्ता भरावा लागतो आणि नेमका तोच वाचवण्याकडे आपला कल. बरं, तो भरला तरी अट ‘कायमचं आणि पूर्ण’ अशी असते. ऐन मोसमात तीन महिने लंगडणारा घोडा या दोन्ही विशेषणांत बसत नाही. तो फक्त दावणीला बसतो.

जगणाऱ्या घोड्याचा विमा किती मोलाचा, याचा दाखला अमेरिकेतल्या ‘सिगार’ने दिला आहे. लागोपाठ सोळा शर्यती जिंकलेला हा घोडा १९९६ साली निवृत्त झाला आणि पैदाशीसाठी गेला. तिथे चौतीस घोड्या झाल्या, पण गर्भ एकीलाही राहिला नाही. घोडा ठणठणीत, खातोय-पितोय, आणि विमा कंपनीने मात्र अडीच कोटी डॉलर मोजले, कारण पॉलिसी वंध्यत्वाची होती. सिगार पुढे २०१४ पर्यंत आरामात जगला. याच्या उलट गत आयर्लंडच्या ‘शेरगार’ची. १९८१ची डर्बी दहा लांबींनी मारणारा हा घोडा फेब्रुवारी १९८३ मध्ये तबेल्यातून पळवून नेला गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. त्याची मालकी चाळीस हिश्श्यांत वाटलेली, एकेक हिस्सा अडीच लाख पौंडांचा. ज्यांच्या विम्यात चोरी होती, त्यांचे पैसे सुटले. ज्यांनी फक्त मृत्यूचा विमा घेतला होता, त्यांना घोडा मेल्याचा पुरावा देता येईना. घोडा गेला हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. तो वारला हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, हे गोऱ्या श्रीमंतांचे चोचले झाले. आमच्या पूर्वजांनी अटकेपार घोडे नेले ते काय हप्ते भरून? आक्षेप बाणेदार आहे, पण हिशेबात कच्चा आहे. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असा भेद होता, तो घोडा कोणाचा यावरच. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचं नुकसान, शिलेदाराचा पडला तर त्याचा रोजगारच पडला. स्वतःच्या घोड्यावरचा स्वार शत्रूपेक्षा घोड्यालाच जास्त जपतो, अशी तक्रार इतिहासकारांनी मोगल फौजेबद्दल नोंदवून ठेवली आहे. मला ती तक्रार वाटत नाही, ते विमा नसल्याचं लक्षण वाटतं. इंग्रजांनी पुढे आपल्या हिंदी घोडदळात हीच पद्धत शिलेदारीच्याच नावाने चालवली, पण पलटणीत एक चंदा फंडही ठेवला. दर स्वाराने महिन्याला ठराविक रक्कम भरायची आणि घोडा मेला किंवा कामातून गेला की नव्यासाठी फंडातून मदत मिळायची. ‘कामातून गेला’ हे शब्द पाहा. आजच्या कित्येक पॉलिसींपेक्षा तो चंदा शहाणा होता. पहिल्या महायुद्धात मात्र ही सारी पद्धत कोलमडली. सगळ्यांचेच घोडे एकदम पडायला लागले तर कुठला फंड टिकणार?

आणखी एक गोष्ट पूर्वजांना लागली नाही, ती आपल्याला लागते. त्यांचा घोडा ज्याला तुडवायचा तो शत्रूच असे. माथेरानच्या घोड्यावर पर्यटक बसतो, वरातीच्या घोडीवर कोणाचा तरी एकुलता एक मुलगा. घोड्याला जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. आणि बँडवाला, फटाकेवाला, नाचणारे मामा यांपैकी कोणीतरी तिथे जातंच. इथे घोडा शाबूत राहतो, मोडतो तो माणूस. म्हणजे भाड्याने घोडा देणाऱ्याला त्रयस्थाच्या नुकसानभरपाईचा विमा मृत्यूच्या विम्याइतकाच निकडीचा आहे. हप्ता परवडत नाही, हेही काही प्रमाणात खरं. घोड्याच्या विम्यापुरतं तरी त्यासाठी राष्ट्रीय पशुधन अभियान आहे. त्यात घोडा, गाढव, खेचर बसतात आणि २०२४च्या बदलानंतर मालकाने हप्त्याचा १५ टक्के वाटा भरायचा आहे.

‘पण वेळ आली की कंपनी पैसे देत नाही’ हा आक्षेप सर्वांत जुना, आणि मी तो निम्मा मान्य करतो. उरलेला निम्मा आपल्या अंगाशी येतो. जनावरांच्या बाजारात भाव उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो. बोटांची पावती मिळत नाही, आणि भरपाई बाजारभावाच्या वर जात नाही. मोडक्या पायाच्या घोड्याला दयेने संपवलं, पण डॉक्टरचा दाखला घेतला नाही की दावा अडतो. यात दुष्टपणा नाही. अमेरिकेत विम्याच्या पैशांसाठी मालकांनी घोड्यांना विजेचा झटका देऊन मारवलं होतं, कारण ते मरण पोटशूळासारखं दिसतं. तेव्हापासून कंपनीने घोड्याच्या नुसत्या पोटदुखीकडेही संशयाने पाहिलं तर तिला काय बोलणार? ओळख पटवण्याचं म्हणाल, तर तिथे आपण पुढे आहोत. तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक घोड्याचे भोवरे तपासतं, देवमण हा शुभ भोवरा आहे का ते बघतं. शुभाशुभाचं सोडा, पण केसांचा भोवरा ही घोड्याची खरोखरच न पुसणारी खूण आहे आणि परदेशी घोड्यांच्या ओळखपत्रातही ती काढतात. अर्जावर रंग ‘तांबडा’ एवढंच लिहिणाऱ्याने देवमण, पंचकल्याणी सगळं लिहून मोकळं व्हावं.

एक रकाना मात्र सगळेच घाईत भरतात: ‘जनावराचा उपयोग’. तिथे ‘सवारी’ लिहायचं आणि लग्नसराईत घोडी वरातीला न्यायची, मग तिथे काही झालं की कंपनी तोच कागद पुढे करते. घोडी हिवाळ्यात पर्यटक वाहणार, वैशाखात नवरदेव, आणि पावसाळ्यात नुसती उभी राहून खाणार असेल, तर तिन्ही लिहावं. रकाना जेमतेम दीड इंचाचा असतो. अक्षर बारीक काढावं.