मानेमागचा बँजो

पेडण्यातल्या माझ्या भाच्यानं वसरीवर सराउंड साउंड बसवला. हातात मोजपट्टी आणि कोनमापक घेऊन. एक स्पीकर नाकासमोर, दोन त्याच्या अंगाला तीस-तीस अंशांवर, मागचे दोन एकशेदहांवर, आणि खर्जासाठी एक वेगळा डबा. हा डबा सगळ्यांत जड, पण हिशेबात त्याला नुसता ‘पॉइंट वन’ धरतात. भाच्याच्या लग्नात पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईनं कोणी पाहिली नव्हती. सगळ्यांच्या मधोमध एक खुर्ची.

“मामा, हांगा बस. आनी हालूं नाका.”

एवढा सरंजाम, आणि खुर्ची एकच! या विद्येत गाणं नीट ऐकू येतं ते एकाच बिंदूवर. घरातल्या बाकीच्यांना उष्टं-खरकटं. माझी बहीण मागच्या दाराशी भाजी चिरत होती. तिच्या वाट्याला मागचा डावा स्पीकर आला, म्हणजे निव्वळ बँजो. बराच वेळ तिनं एकटा बँजो सोसला आणि मग विचारलं, “ह्यांची बाकीची माणसं कधी यायची?”

लावलं होतं ब्लूग्रास. केंटकीचा बिल मन्रो मँडोलीन वाजवायचा; त्याच्या मेळाचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’, त्यावरून सगळ्या प्रकारालाच ते नाव पडलं. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज त्या मेळात आला आणि तीन बोटांनी बँजोवर असा काही सुटला की ब्लूग्रासवाले अजून त्याच्याच मागं धावताहेत. मँडोलीन, बँजो, फिडल, गिटार आणि माणसाहून उंच बेस. ड्रम नाही, विजेचं वाद्य नाही. जुन्या काळी ही सगळी मंडळी एकाच मायक्रोफोनभोवती दाटीवाटीनं उभी राहत. ज्याची पाळी त्यानं पुढं सरकायचं, आपलं वाजवायचं आणि कुणाच्या पायावर पाय न देता मागं यायचं. आमच्या कदंब बसमध्ये हे कधी जमलेलं नाही. हा बँजो अर्थात विसर्जनातल्या बँजो पार्टीचा नव्हे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून जे वाद्य वाजवलं, त्याचा हा वंशज. म्हणजे कातड्याच्या नात्यानं आमच्या घुमट या वाद्याचा भाऊबंद.

असलं संगीत सराउंडमध्ये बांधताना जाणकारांत दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, ऐकणारा तो श्रोता; वादक समोर ठेवा आणि मागून फक्त सभागृहाची आस आणि टाळ्या येऊ द्या. दुसरे म्हणतात, त्याला उचलून मेळाच्या मधेच बसवा. फिडल डाव्या कानाशी, बँजो मानेमागं. यावर पहिले कुत्सितपणे विचारतात: मानेमागं बँजो कुठल्या मैफलीत वाजतो?

हा प्रश्न ज्याला पडतो, तो चवथीला डिचोलीत आलेला नाही.

डिचोलीतल्या आरतीला समोर असं काही नसतंच. गणपती एका बाजूला, डोक्यावर फळापानांची माटोळी, आणि उरलेल्या जागेत वाडा. घुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मडकं. मोठ्या तोंडावर कातडं मढवलेलं, लहान तोंड मोकळं. एक हात कातड्यावर थाप देतो, दुसरा लहान तोंड झाकत-उघडत खर्ज राखतो. जोडीला दोन काठ्यांनी वाजणारं शामेळ आणि कांसाळं. घुमट चारी अंगांना, शामेळ खांबापाशी, कांसाळं नेमकं आपल्या कानाच्या उंचीवर. वाजवणारे एकमेकांच्या तोंडाकडं बघून वाजवतात, तुमच्याकडं ढुंकूनही बघत नाहीत. केंटकीवालेसुद्धा परसात बसले की असेच गोल करून, तोंडं आत करून बसतात. लोकसंगीताला प्रेक्षक ही कल्पनाच मुळात उशिरा सुचलेली. म्हणून माझं मत दुसऱ्या तटाला. बँजो मानेमागंच हवा.

हल्ली डॉल्बी ॲटमॉसवाले छतातूनही आवाज आणतात. हा प्रकार २०१२ सालचा. आमच्या कौलांवर चवथीचा पाऊस त्याच्या पुष्कळ आधीपासून पडतो आहे.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लागे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते गेलं आणि बकऱ्याचं आलं. जुने वाजवणारे म्हणतात, तो नाद आता राहिला नाही. पाव, मासळी आणि जावई यांच्याबद्दलही ते हेच म्हणतात. घोरपडींनी अद्याप तक्रार केलेली नाही. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला गोव्याचं वारसा-वाद्य म्हणून जाहीर केलं. घुमटात त्यामुळं काही फरक पडला नाही. वाजवणाऱ्यांची छाती मात्र थोडी फुगली.

आता शिगमो, म्हणजे आमचा होळीचा सण. ध्वनितंत्रज्ञ आवाज डावीकडून उजवीकडं न्यायला यंत्रावरची बटणं फिरवतात. पेडण्यात रोमट, म्हणजे अख्खी मिरवणूकच फिरते. ढोल-ताशे लांबून येतात, अंगावरून जातात, वळणाआड दबतात आणि भगवतीच्या देवळासमोरच्या दगडी हत्तींपाशी पुन्हा उसळतात. पॉइंट वनचं काम ढोल करतो आणि ते पोटात कळतं. धारगळला २०२४ च्या डिसेंबरात इलेक्ट्रॉनिक संगीताचा मोठा जलसा झाला. तिथला खर्ज कितीतरी तगडा, पण मंचावरून पुढं ढकललेला. पैसे भरून समोर उभं राहायचं. रोमटात समोर उभं राहिलात तर ढोलवाला तुम्हाला बाजूला सारतो.

यंत्राची खरी पंचाईत वेगळीच आहे. ते तुम्हाला मेळाच्या मधोमध नेऊन बसवतं आणि तिथं नुसतं बसू देतं. डिचोलीत मधे सापडलेल्या माणसाच्या हाती पहिल्या आरतीतच कांसाळं येतं. ताल चुकला तर शेजारचा पोरगा कोपरानं सांगतो. हे भाच्याला बोललो, तर तो इंटरनेटवर सातवा स्पीकर बघायला लागला.

तेव्हा सराउंडसाठी पैसे साठवणाऱ्यांना एक विनंती. आधी एक मातीचा घुमट घ्या. पाच स्पीकरांपुढं तो फुकटच पडेल. मग चवथीला डिचोलीत या. शामेळापासून हातभर लांब उभे राहा आणि फोन खिशात ठेवा, कारण दोन्ही हात लागतील. नेवऱ्या आरती संपल्यावरच मिळतात, आणि आरती लवकर संपत नाही.