कपडे ऐच्छिक : कोलशेतकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या जोडप्यांसाठी आहे. पहिल्या प्रकारच्या जोडप्याने समुद्रकिनाऱ्यावरच्या 'कपडे ऐच्छिक' रिसॉर्टची जाहिरात रात्री अकरानंतर मोबाइलवर पाहिली आणि आधी ब्राइटनेस कमी केला. दुसऱ्या प्रकारचं जोडपं अशा ठिकाणी जाऊन आलंय, सोसायटीत 'दुबईला गेलो होतो' असं सांगून मोकळं झालंय, आणि आता पुन्हा जायचं म्हणतंय. फक्त कुठल्या रिसॉर्टला, यावर घरात एकमत होत नाही. गोव्याला जाऊन आलेल्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. तिथे कपडे ऐच्छिक नसतात, फक्त कमी असतात.

नवख्यांनी आधी अनुभवी मंडळींचं बोलणं नीट ऐकावं. दुसऱ्यांदा जाणाऱ्यांची खूण अशी की, ते नागडेपणाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. त्यांचा सगळा जीव नाश्त्यात असतो. अमक्या ठिकाणी ऑम्लेट समोर करून देतात, तमक्या ठिकाणी टॉवेल दिवसातून एकदाच बदलतात, गादी मऊ, चहा पाणचट. पहिल्यांदा जाणारा पोट आत कसं घ्यायचं या चिंतेत असतो, दुसऱ्यांदा जाणारा सावलीतली खुर्ची सकाळी किती वाजता अडवायची याच्या. हा फरक समजला की निम्मं शिक्षण झालं.

आता तुलना. जमैकाच्या नेग्रिल गावात 'हेडोनिझम टू' हे या धंद्यातलं जुनं आणि बदनाम नाव. १९७६ साली 'नेग्रिल बीच व्हिलेज' अशा सोज्वळ नावाने ते सुरू झालं, पुढे बारसं बदललं. तिथे किनाऱ्याचे दोन भाग आहेत. एका भागात कपडे घालून बसणारे, दुसऱ्यात काढून बसणारे. आणि काढायच्या भागात कुणी कपडे घालून रेंगाळला तर त्यालाच हटकतात. त्याच देशात ओचो रिओसला 'कपल्स टॉवर आयल' आहे. तिथलं हॉटेल चारचौघांसारखं, पण किनाऱ्यासमोर एक चिमुकलं खासगी बेट. बोटीने जायचं, उतरलं की मग काय ते काढायचं. दोन्हींचे चाहते आपापल्या जागेवरून हटत नाहीत. माझं मत विचाराल तर मराठी जोडप्याने बेट घ्यावं. बोट सुटली की कोण येतंय ते लांबूनच दिसतं, आणि त्यात डोंबिवलीचे भाऊजी असतील तर टॉवेल गुंडाळायला वेळ मिळतो.

खर्चाचं मी सांगत नाही. एवढंच की, अमेरिकेत विमान बदलून जायचं तर अमेरिकेचा व्हिसा लागतो. मुलाखतीच्या खिडकीवर 'कशासाठी चाललात?' या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं की नाही, हे घरूनच ठरवून निघावं. दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत.

पण ठाण्यातल्या कोलशेतच्या माणसाने यासाठी जमैकापर्यंत जाणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. कारण ज्ञात इतिहासातला अशा प्रकारचा पहिला क्लब निघाला तो ठाण्यात. १८९१ साली. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे ठाण्याचे जिल्हा व सत्र न्यायाधीश. (मार्केटवाले क्रॉफर्ड वेगळे, ते आर्थर.) साहेब विधुर होते, कोकणपट्टीचा उन्हाळा होता, आणि अंगात सरकारी इतमामाचे कपडे होते. त्यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' नावाची संस्था काढली. सभासद एकूण तीन : स्वतः न्यायाधीश, आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे, अँड्र्यू आणि केलॉग काल्डरवुड. इंग्लंडातले लेखक एडवर्ड कार्पेंटर यांना क्रॉफर्डनी जी पत्रं लिहिली, त्यांतून हे सगळं जगाला कळलं. हे कार्पेंटर म्हणजे ज्यांचं सुधारणेवर टीका करणारं पुस्तक गांधीजींनी 'हिंद स्वराज'च्या परिशिष्टात वाचायला सुचवलं, तेच. पुढे गांधीजी पंचावर आले त्याचा याच्याशी संबंध जोडू नये. जोडायचाच असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर जोडावा.

ठाणेकराला साजेल अशी गोष्ट म्हणजे तीन माणसांच्या संस्थेलाही नियमावली होती. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये : निसर्गाचा जय होवो. उद्देश तीन. शरीराला बरं वाटतं, कारण हवाच तशी. नीतीला बरं, कारण अर्धवट झाकल्यानेच नको ते विचार येतात. आणि सौंदर्यदृष्टीला बरं, कारण माणसाचा देह ही देवाची उत्तम कृती. (तिसऱ्या उद्देशावर ठाण्याच्या सत्र न्यायाधीशांना आरशासमोर उलटतपासणीला कुणी बोलावलं नसावं.) अंगावर काय चालेल याची यादीही होती, आणि ती एवढीच : अंगठी, चष्मा, कवळी. बाकी सगळं खुंटीला.

नवख्या जोडप्याने ही यादी नीट वाचावी, कारण पहिलं भांडण इथेच होणार. अंगठी चालते, मग मंगळसूत्राचं काय?

"अहो, पण त्यात माझं नाव कुठेय?"

"नियम १८९१ चे आहेत गं."

"मग तुमचं जानवं?"

इथे चर्चा थांबवावी. नियम केले तेव्हा तिन्ही सभासद पुरुष होते, त्यामुळे जोडप्यांना लागू पडेल असा दाखलाच नाही. मंगळसूत्र, जानवं, करदोटा, पोटावरच्या जुन्या टाक्यांवर चिकटवलेली पट्टी, हातातलं पावलं मोजणारं घड्याळ, या सगळ्यांवर निर्णय व्हायचा राहून गेला तो राहूनच गेला. मला विचाराल तर घड्याळ काढावं. बाकीचं आपापल्या घरच्या रिवाजाप्रमाणे.

क्रॉफर्ड आणि मंडळींच्या संदर्भात दोन जागांची नावं येतात : माथेरान आणि तुळशी तलाव. ही आपली दोन रिसॉर्टं. पुन्हा जायचं तर कुठे, हा प्रश्न दोन्हींना सारखाच लागू आहे.

माथेरान आधी घेऊ. ते इंग्रजांच्या नकाशावर आणलं तेही ठाण्याच्याच कलेक्टरने, ह्यू मॅलेटने, १८५० मध्ये. म्हणजे ठाण्याच्या अधिकाऱ्यांचं आणि त्या डोंगराचं आधीपासूनच गूळपीठ. छोटी आगगाडी आली १९०७ मध्ये, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून. १८९१ ला नेरळहून वर जायचं ते तट्टूवरून नाहीतर पालखीतून. जमेची बाजू म्हणजे उंची सुमारे आठशे मीटर, घाम कमी, झाडी दाट, बंगले एकमेकांपासून लांब. मोटारगाड्यांना बंदी असल्यामुळे अचानक हेडलाइटच्या झोतात सापडण्याचा धोका आजही कमी. आणि ती तांबडी माती. माथेरानहून आलेली पँट तीन धुण्यांत स्वच्छ होत नाही, हे ज्याच्या घरी एकदा घडलंय त्याला न्यायाधीशांचा युक्तिवाद निम्मा आपोआप पटतो.

तोटा एकच, पण मोठा : माकडं. माथेरानचं माकड हातातली पिशवी ओढतं, शीतपेयाची बाटली पळवतं, आणि चष्मा तर त्याला फारच आवडतो. अंगावर ज्या तीन वस्तूंना परवानगी, त्यांतली एक अशी झाडावर गेल्यावर खालून ती मागणाऱ्या माणसाची प्रतिष्ठा किती उरते, याचा विचार तिकीट काढण्याआधी करावा. घोडेवाल्यांचाही करावा. त्यांना काही वाटणार नाही. त्यांनी हनिमूनची जोडपी पाहिलीत, कवी पाहिलेत. पण ते दर ठरवताना खिसा बघतात, आणि इथे तो नसेल.

तुळशी तलाव कोलशेतच्या माणसाला तसा जवळचा. आपल्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, त्यांच्या पलीकडच्या उतारांत तो आहे. १८७९ मध्ये धरण पुरं झालं, म्हणजे साहेबांच्या वेळी अगदी नवं काम. पाणी, जंगल, एकांत. समुद्र सोडला तर जाहिरातीत असतं ते सगळं. आता तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो. तिथे परवानगीशिवाय आत जाता येत नाही, पोहणं तर नाहीच, कारण ते पाणी मुंबईकर पितात. शिवाय आत बिबटे आहेत. कपड्यांनी बिबट्यापासून रक्षण होत नाही हे खरं, पण अंगात चार कपडे असले की माणूस जरा ठामपणे पळतो.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांनी माथेरान, दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनीही माथेरानच. आणि खोली दरवाजा असलेली घ्यावी.

दरवाज्याचा मुद्दा विनोदाचा नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल अशा अश्लील कृत्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं. आधी हेच दंड संहितेचं २९४ होतं. २०२० च्या नोव्हेंबरात मिलिंद सोमण आपल्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावले, फोटो टाकला आणि गुन्हा दाखल झाला. त्याआधी १९९५ मध्ये मधू सप्रे, तेच सोमण आणि एक अजगर यांनी बुटांची जाहिरात केली होती. बूट घातलेले होते, तरी खटला २००९ पर्यंत चालला आणि सगळे सुटले. चौदा वर्षं. अजगराचं काय झालं ते विचारू नका.

ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांनी वाचन करावं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत चालवलं. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र, आत संततिनियमन, आणि नग्नतेत लाजण्यासारखं काही नाही हे मराठीत, शांतपणे, महिन्यामागून महिने. खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे हरले, दंड भरला, पुढचा अंक काढला. कोटटोपी घातलेल्या या प्राध्यापकाने जे सोसलं ते पाहता न्यायाधीशांची नग्नता फारच स्वस्तात झाली, असं माझं मत आहे. एकाकडे बंगला होता, दुसऱ्याकडे वर्गणीदार होते.

आणि बंगला म्हटल्यावर मला नेहमी प्रश्न पडतो की, त्या दिवसांत पाणी कुणी भरलं? चहा कुणी आणून ठेवला? साहेबांची संस्था तिघांची. पण कुठल्याही साहेबाचा बंगला तिघांवर चालत नसे. पट्टेवाला, भिस्ती, खानसामा यांना सभासदत्व नव्हतं. त्यांचे कपडे ऐच्छिक नव्हते, तोकडे होते. आपल्या कोलशेतच्या रेतीबंदराचंही तेच. खाडीत डुबी मारून रेती काढणारा माणूस लंगोटीवर किंवा चड्डीवर पाण्यात जायचा, बादली भरून वर यायचा, होडी भरायचा. त्याला कुणी निसर्गवादी म्हटलं नाही. त्याच खाडीकाठी आज जे टॉवर उभे आहेत, त्यांच्या माहितीपत्रकात 'रिसॉर्टसारखं जीवन' असं छापलेलं असतं, आणि त्या रिसॉर्टच्या तरणतलावावर पाटी असते की नायलॉनचा पोशाख आणि टोपी अनिवार्य. टक्कल असलेल्यांनाही टोपी.

म्हणून घरच्या घरी सराव करणाऱ्यांसाठी थोडक्यात. समोरच्या टॉवरचा विसावा मजला तुमच्या अठराव्याकडे बघतो, हे गृहीत धरून पडदे दुहेरी घ्यावेत. बाल्कनीला काचेचा कठडा असेल तर बाल्कनी विसरावी. वॉचमनला इंटरकॉमवर सांगून ठेवावं की पार्सल खालीच ठेव. बाई येण्याच्या वेळेच्या आसपास काहीही करू नये. ती लवकर येते. पंख्याखाली फोडणी टाकू नये, आणि फोडणीच्या वेळी तर कपडे ऐच्छिक नाहीतच, हा नियम पहिल्या मोहरीला कळतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर 'डी विंगमध्ये कोणीतरी' असा मजकूर आला तर त्यावर अंगठा दाखवून गप्प बसावं. सगळे तेच करतात.

क्रॉफर्डांची रत्नागिरीला बदली झाली आणि संस्था मोडली. रत्नागिरीला समुद्र होता, सभासद नव्हते. १८९४ मध्ये ते वारले.

१६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी ठाण्याला आली, हे ठाणेकर प्रत्येक पाहुण्याला स्टेशनबाहेर पडायच्या आत सांगतो. १८९१ चंही सांगत जा. मुलं झोपल्यावर सांगा, पण सांगा.