फिरकी

आजीच्या मोत्याच्या एका कुडीची फिरकी माझ्या लहानपणी न्हाणीघरात सांडली. तेव्हापासून ती कुडी कापसात गुंडाळून हिंगाच्या रिकाम्या डबीत पडून राहिली. सोनार म्हणायचा, "आजी, ह्या आट्यांची फिरकी आता कुणी करत नाही." मोती तस्साच पाणीदार, पण कानाला पारखा. गेल्या महिन्यात तापकीर गल्लीत उन्हातान्हाचा हिंडताना मला ती डबी वासासकट आठवली. मी गेमबॉय ॲडव्हान्स एसपीचा चार्जर शोधत होतो.

हा एसपी २००३ चा. त्याच दिवाळीत मामाने अमेरिकेहून आणलेला. चंदेरी, मिटला की मुठीत मावणारा, उघडताना पानाच्या डब्यासारखा टक् करणारा. हेडफोनचं भोक त्याला नव्हतंच. त्याची जोडणी वेगळी घ्यायची आणि चार्जरच्याच भोकात बसवायची. यंत्राचं पोट भरायचं की आपले कान, ते आधी ठरवा! चार्जर १२० व्होल्टचा, म्हणून घरात ट्रान्सफॉर्मर आला: वजनाने वरवंटा, आवाजाने भुंगा. तळहाताएवढ्या पोरासाठी हा पोक्त गृहस्थ कोपऱ्यात तासन्‌तास गुणगुणत बसे. एका दुपारी धाकट्या भावाने त्याला वगळून चार्जर थेट भिंतीत खोचला. जळका वास आला. बाबांनी खिडकी उघडली आणि म्हणाले, "चला, परीक्षा जवळ आलीच आहे."

गल्लीतल्या दुकानदाराने चार्जरांचं गाठोडंच काउंटरवर पालथं केलं. "व्होल्ट सांगा." "५.२," मी म्हणालो. त्याने चष्म्यावरून पाहिलं. तो दशांश त्याला माझा आगाऊपणा वाटला असावा. पिना तर ह्या खेळयंत्रांच्या घराण्यातच जुळत नाहीत. एसपीची पिन २००४ च्या पहिल्या डीएसला चालते, पण २००६ च्या डीएस लाइटचं तोंड निराळं आणि पुढच्या डीएसआयचं आणखीच निराळं.

शेवटी मिळाली एक हातभर यूएसबी वायर. मूळ यंत्र बनणं केव्हाच थांबलं, पण त्याच्या वायरी, बॅटऱ्या, बटणांखालची रबरं अजून कुणी कुणी बनवतं; मूर्ती विसर्जित झाल्यावरही मखर कोरत बसावं, तसं.

घरी वायर खोचली. केशरी दिवा लागला. थोड्या वेळाने 'पोकेमॉन रुबी' सुरू केला, तर त्याने आधीच बजावलं की आतला सेल संपलाय. खेळता येईल, पण घड्याळावर चालणारं काही आता घडणार नाही. भावाचा खेळ मात्र शाबूत होता. त्याचा तो इवला नायक त्याने लावलेल्या बेरीच्या रोपांपाशी उभा. रोपं आता वाढणार नाहीत, फळं धरणार नाहीत. तरी मी झारी घेऊन पाणी घातलं.

फोटो काढून टोरंटोला पाठवला. तिथे पहाट असावी. तासाभराने भावाचा निरोप आला, "दादा, उद्याही घाल."