रविवारचा बल्लवाचार्य

सोमवार ते शनिवार हा माणूस स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जातो आणि रिकामा ग्लास फ्रिजवर ठेवून येतो. साखरेचा डबा कुठला, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला सांगता येत नाही. पण रविवार उजाडला की त्याच्या अंगात येतं. काळा एप्रन चढतो, ओट्यावरचं सगळं सामान उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवलं जातं आणि घरात दवंडी पिटली जाते, ''आज कोणी काही करायचं नाही. आज मी करतोय.'' हे ऐकून बायको निवांत होत असेल असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी असा नवरा नाही.

प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतोच. आमचा वरच्या मजल्यावर राहतो. लॉकडाऊनमध्ये त्याच्याकडे आंबवलेल्या पिठाची बरणी होती आणि त्या पिठाचं बारसंही झालं होतं. पुढे ते पीठ वारलं. मग पिझ्झा झाला. त्यासाठी आणलेली दगडी लादी आता त्याच्या आईच्या तुळशीखाली आहे. सध्या लोडेड फ्राइजचं पर्व चालू आहे. बटाट्याच्या तळलेल्या काड्या, त्यावर परतलेला खिमा, त्यावर चीजचा सॉस आणि वरून कांद्याची पात. करायला बसलं तर तासाभराचं काम. तो त्याला शनिवार सकाळपासून लागतो.

शनिवारी बाजार. तिथे तो भाजीवालीची उलटतपासणी घेतो. बटाटा आग्र्याचा की इंदूरचा? नवा की साठवणीचा? शीतगृहातून कधी काढला? आता गंमत अशी, की यातला एकही प्रश्न वेडगळ नाही. नव्या बटाट्यात पाणी जास्त, तो तळला की मऊ पडतो. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होते, म्हणून तो आतून शिजायच्या आधीच बाहेरून करपट होतो. बल्लवाचार्याचं ज्ञान खरं असतं, आणि तीच त्याच्या घरच्यांची खरी पंचाईत आहे. चुकीचं बोलला असता तर गप्प तरी करता आलं असतं. भाजीवालीने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''दादा, घ्यायचाय का बघायचाय?''

खाटकाकडे त्याहून पुढचा अंक. ''खिम्यात चरबी वीस टक्के हवी.'' मामांनी सुरा थांबवला. ''टक्क्याचं आपल्याला काय माहीत नाय साहेब. थोडी टाकू का, जास्ती टाकू?'' याने मोबाइल काढून हिशेब केला आणि अर्ध्या किलोला शंभर ग्रॅम असं सांगितलं. मामांनी अंदाजाने एक गोळा टाकला, तो बरोबर शंभर भरला. घरी येताना बल्लवाचार्य जरा गप्पगप्पच होता.

रविवारी दुपारी मी काही कामाने वर गेलो, तर हॉलमध्ये जायला वाट नाही. जमिनीवर पंचे, पंच्यांवर बटाट्याच्या काड्या, प्रत्येक काडी सेंटिमीटरभर जाड, एकीचा दुसरीला स्पर्श नाही, आणि वरून टेबलफॅन. आधी त्या धुऊन, व्हिनेगर घातलेल्या पाण्यात उकळून काढल्या होत्या. व्हिनेगरमुळे काडी शिजते पण मोडत नाही. ''काका, पंच्यावर पाय देऊ नका,'' तो म्हणाला. एका कडेचा पंचा जरा वेगळा वाटला म्हणून निरखून पाहिला. त्याच्या बायकोची नारायणपेठी होती. तिला हे कळलं तेव्हा जो संवाद झाला तो इथे देत नाही. त्यातलं बरंचसं छापण्याजोगं नाही, आणि जे आहे ते एकतर्फी आहे.

तळणं दोनदा. पहिल्यांदा दीडशे-एकशेसाठ अंशांवर, आत शिजण्यापुरतं. मग काड्या बाहेर काढून गार करायच्या आणि दुसऱ्यांदा एकशेऐंशीच्या वर, कुरकुरीत होईस्तोवर. तापमान मोजायला त्याच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र आहे. लांबून रोखलं की आकडा दाखवतं. कढईवर रोखून झालं की तो ते सगळ्यांवर रोखतो : चहावर, फरशीवर, मुलाच्या कपाळावर. त्याची आई तेलात पिठाचा गोळा टाकते आणि तो वर यायला किती वेळ लागला त्यावरून ठरवते. दोघांचं उत्तर एकच आलं. त्याने पिस्तुलाची बॅटरी तपासली.

खरा पराक्रम मात्र सॉसमध्ये. पूर्वी कधीतरी त्याने परदेशी चेडार आणलं होतं, अर्ध्या महिन्याचा किराणा यावा अशा भावाचं. तापवल्यावर त्याचं वर तेल आणि खाली रबर झालं. दुसरा कोणी असता तर मैद्याचा पांढरा सॉस करून त्यात चीज ढकलून मोकळा झाला असता. याने अभ्यास केला. चीजमधली प्रथिनं कॅल्शियमने एकमेकांना घट्ट धरून असतात. सोडियम सायट्रेट ते कॅल्शियम काढून घेतं, मग प्रथिनं सुटी होतात आणि चरबीला धरून ठेवतात. 1911 साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर या दोघांनी हीच युक्ती वापरून प्रोसेस्ड चीज बनवलं. हे सगळं तो दुधात चीज ढवळत सांगतो, आणि पाव किलो चीजला दहा ग्रॅम ही पांढरी पूड, असं म्हणून सोनाराच्या काट्यावर ती तोलतो. सॉस खरंच झाला, रेशमासारखा. तेवढ्यात त्याच्या मुलीने फ्रिजमधल्या साध्या चीजच्या डब्यावरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. ''बाबा, यात ऑलरेडी सोडियम सायट्रेट आहे.'' स्वयंपाकघरात क्षणभर फक्त एक्झॉस्ट चालू होता. ''असेल,'' तो म्हणाला, ''पण त्यात कंट्रोल नाही.''

पदार्थाबरोबर इतिहास तोंडी लावायला असतोच. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये 1950 च्या दशकात फ्राइजवर चीजचे खडे आणि ग्रेव्ही घालून पुटीन झालं. मग रॉटरडॅम. तिथे 2003 च्या सुमाराला एका केशकर्तनकाराने शेजारच्या शोरमावाल्याला फ्राइज, मांस, चीज, सॅलड सगळं एकाच ताटलीत घालून द्यायला सांगितलं आणि ते आख्ख्या देशात पसरलं. पोरं ताटलीकडे बघत हे ऐकत होती. आई शांतपणे म्हणाली, ''म्हणजे आपल्या मुंबईतल्या पारशांची सल्ली-बोटीच की. खाली मटण, वर बटाट्याच्या काड्या. ह्यांनी खालचं वर केलंय.'' बल्लवाचार्याला हे लागलं. रॉटरडॅमपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला ग्रँट रोडवर उतरवणं बरं नव्हे.

फ्राइज पाहुण्यांसाठी थांबत नाहीत. दहा मिनिटांत आतला ओलावा बाहेरच्या कवचात येतो आणि सगळं लोळागोळा होतं. म्हणून पाहुण्यांनीच फ्राइजसाठी थांबायचं. आम्हाला साडेसातला बोलावलं होतं. पावणेदहापर्यंत आम्ही काटे हातात धरून होतो, कारण ''आता कधीही निघतील.'' मधे भुकेने कळवळलेल्या धाकट्याला आजीने गुपचूप दहीभात भरवला. शेवटी ताट आलं आणि सगळ्यांचे हात पुढे झाले, तर आधी फोटो. वरून एक, बाजूने एक, सॉस ओतताना एक. ओतताना नीट आला नाही म्हणून सॉस परत ओतला.

चव? उत्तम. खोटं कशाला बोलू, इतक्या सुरेख फ्राइज मी बाहेरही खाल्लेल्या नाहीत. खिम्याला जिऱ्याचा आणि तिखटाचा नेमका झटका, सॉस प्रत्येक काडीला लागलेला आणि काडी तरीही कुरकुरीत. अशा वेळी या माणसाला फक्त एक वाक्य हवं असतं. ''छान झालंय'' ते नव्हे. त्याला हवं असतं, ''हे इतकं कुरकुरीत कसं काय राहिलं?'' मी विचारलं. मग अकरा वाजले.

सोमवारी काम करायला आलेल्या मावशींनी सिंकमध्ये पाहिलं. पातेलं, दुसरं पातेलं, चाळण, तीन झारे, आणि चीजचा लेप वाळून दगड झालेली कढई. ''ताई, हे साहेबांनीच ना?'' एवढंच त्यांनी विचारलं. उरलेलं लिटरभर तेल गाळून बरणीत गेलं आणि त्या आठवड्यातल्या पोह्यांनाही फ्राइजचा वास होता. हे सगळं निस्तरणारी त्याची बायको खरं तर फार समजूतदार आहे. श्रावण लागला की घरात मांसाहार बंद. तो महिनाभर तिचा चेहरा टवटवीत असतो.

पण श्रावण अजून लांब आहे. परवा लिफ्टमध्ये भेटला तेव्हा त्याने पुढचा बेत सांगितला : रामेन. डुकराची हाडं आणायची, शनिवारी रात्री चढवायची आणि बारा तास खळखळ उकळत ठेवायची. मधे गॅस बारीकसुद्धा करायचा नाही.

त्या शनिवारी त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. आई म्हणाली, ''थांब, मीही येते,'' आणि सुनेबरोबर तिच्या माहेरी गेली.