पारशी डॉक्टरची गाडी

जुन्या गाड्यांचा नाद लागलेला एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असणारच. नसला तर आनंदात राहा. गाडी ढकलायला त्याला माणसं लागतात.

आमच्या सोसायटीत अप्पा आहेत. जिल्हा परिषदेतून निवृत्त. गाडी बघताना त्यांचा निकष एकच, ती डॉक्टरची असावी. डॉक्टर पारशी असेल तर बॉनेट उघडायचंही कारण नाही. ही गोष्ट भारतभरच्या दलालांना कशी कळली कोण जाणे. जयपूरवाल्याकडची गाडी पारशी डॉक्टरची, कोइमतूरवाल्याकडचीही. कोलकात्याच्या दलालानं तर पारशी आणि वर डोळ्यांचा डॉक्टर काढला. २०११च्या जनगणनेत देशात पारशी होते ५७,२६४. तान्ह्या बाळांसकट सगळ्यांनी दवाखाने थाटले असते, तरी अप्पांच्या फोनमधल्या गाड्यांना पुरले नसते.

शेवटी डोळ्यांचा डॉक्टर जिंकला. १९५७ची डुक्कर फियाट, व्हिडिओ कॉलवर पसंत केलेली. व्हिडिओत गाडीची उजवी बाजूच दिसली. "डावीकडे भिंत होती," अप्पा म्हणाले.

ट्रकमधून उतरल्यावर डावी बाजू दिसली. मेकॅनिकनं खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवलं. ते दोनच जागी चिकटलं, बाकी सगळी लांबी. आरसी बुकावर पहिलं नाव राईस मिलचं.

"मिलवाल्याचा जावई डॉक्टर असणार," अप्पा.

इंजिन पद्मिनीचं निघालं. "दोन्ही १०८९ सीसीच ना? डॉक्टर माणूस, ट्रान्सप्लांट केलं असेल!"

पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए'वाला खास नंबर मिळतो, फी वीस हजार. पैसे अप्पांनी वेगळे काढून ठेवले होते. पण गाडी मूळ रूपात हवी, अशी अट आहे. तिथे ट्रान्सप्लांट आडवं आलं आणि गाडी पार्किंगमध्ये बसली ती बसलीच. तिच्यामुळे माझी स्कूटर गेटाबाहेर भिजते, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मात्र संध्याकाळी अप्पा आणि काकू गाडीत जाऊन बसतात. पुढची दारं उलटी उघडतात, म्हणून काकू पदर सावरून आधी सीटवर टेकतात आणि मग पाय आत घेतात. गिअर स्टिअरिंगपाशी, सीट सलग. मध्ये काही नाही. काकू मटार सोलतात. अप्पा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडे बघत महाबळेश्वरचा घाट चढतात. वळणावर हॉर्न देतात, तेवढा चालतो. एकदा मी स्कूटरसाठी भांडायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "आमचा सगळा प्रवास एसटीनं झाला. तीनच्या सीटवर आम्ही दोन टोकांना, मध्ये पोरं नाहीतर पिशव्या." मी भांडण पुढं ढकललं.

गेल्या महिन्यात अप्पांना नागपूरच्या एका मॉरिस मायनरचा फोटो आला. मालक हाडांचे डॉक्टर होते म्हणे. फियाट एका दलालाला गेली, अर्ध्या किमतीत. आठवड्याभरात तिची जाहिरात अप्पांच्याच फोनवर आली: 'पुण्याच्या डॉक्टरची गाडी. सिंगल हँड. फक्त रविवारी काढलेली.'

जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसानं ती दोनदा वाचली. मग तिथल्या तिथे दलालाला फोन लावला. आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून मी कान टवकारले.

"अहो," अप्पा म्हणाले, "पारशी लिहायचं राहिलं!"