तुमची एकूण बचत

सवलतीच्या सुपरमार्केटात घेण्याजोग्या खाद्यपदार्थांमध्ये पहिला मान सुट्या धान्याचा. गहू, ज्वारी, तांदूळ, तूरडाळ, साखर, जाडे पोहे, शेंगदाणे या वस्तू तिथे कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा सहसा स्वस्त पडतात आणि त्याचे कारण गूढ नाही. माल मोठ्या प्रमाणावर उचललेला असतो, तो फळीवर फार दिवस पडून राहत नाही, आणि उधारीच्या वहीचा प्रश्नच येत नाही. सुट्या मालाला आणखी एक फायदा सरकारने करून दिला. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी व पिठांवर 25 किलोपर्यंत 5 टक्के जीएसटी बसू लागला; सुटा माल आणि त्याहून मोठी गोणी त्यातून सुटली. परिणामी 26 किलोची तांदळाची गोणी बाजारात अवतरली. पंचवीस किलो भात खाणारा तो करपात्र गृहस्थ आणि सव्वीस किलो खाणारा घाऊक व्यापारी, अशी ही विभागणी आहे.

सुट्या धान्यात दाणा डोळ्यांनी दिसतो, हातावर घेता येतो, किडा असेल तर तोही लपत नाही. तूरडाळ फार चकचकीत दिसली तर तिला पॉलिश आहे असे समजावे. धने, जिरे, मोहरी, लाल मिरची अख्खी घ्यावी. पूड झाली की आत काय आहे ते फक्त गिरणीला ठाऊक असते. साबुदाणा आणि भगर आषाढी एकादशीच्या दोन आठवडे आधी घ्यावी, आदल्या संध्याकाळी नव्हे.

या सगळ्या वस्तूंचे एक वैगुण्य आहे. त्या खरोखर स्वस्त असल्या तरी बिलावर त्यांच्यापुढे बचत दिसत नाही. सुट्या मालावर एमआरपी छापलेली नसते आणि एमआरपी नसेल तर संगणकाला वजाबाकी करता येत नाही. म्हणून दहा किलो स्वस्त गहू घेऊन बाहेर पडणारा ग्राहक बिलाच्या लेखी उधळ्या ठरतो, आणि चॉकलेटचा थर दिलेल्या मक्याच्या पोह्यांचे दोन खोके घेणारा काटकसरी.

पाकीटबंद मालावर कमाल किंमत छापण्याची सक्ती 1990 साली आली. त्याआधी पुड्यावर किंमत असे, तिच्यापुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असे बारीक अक्षरांत असे, आणि ते स्थानिक कर किती हे दुकानदार ग्राहकाचा चेहरा पाहून ठरवत असे. एमआरपीने हा प्रकार बंद केला. सर्व करांसहित हा एवढा आकडा, याच्या वर एक पैसाही घ्यायचा नाही. 2011 च्या नियमांनीही ही मर्यादा कायम ठेवली. या आकड्याच्या वर विकू नये एवढे कायदा सांगतो. मुळात तो आकडा किती उंच छापावा यावर, औषधांसारखे अपवाद सोडले, तर कायदा गप्प आहे. मग व्हायचे तेच झाले. ज्याला छप्पर म्हणून बांधले त्याच्यावर चढून तिथून खाली उडी मारायची, आणि किती खोल उडी मारली ते पाटीवर लिहायचे, असा खेळ सुरू झाला. राजगिऱ्याच्या वड्यांचे पाकीट, छापील किंमत 140, इथे 69. या वड्या 140 रुपयांना कोणी, कधी, कोणत्या गावात विकत घेतल्या, हे विचारायला काउंटरवरच्या मुलीला वेळ नसतो आणि मागच्या रांगेला धीर नसतो.

या खेळाचे अंतिम फळ बिलाच्या तळाशी येते. बिलातील वस्तूंची नावे अर्धवट तोडलेली असतात, कराचे रकाने वाचवत नाहीत, पण शेवटची ओळ ठळक आणि सुवाच्य असते: ‘तुमची एकूण बचत ₹ 618’. हे 618 रुपये नेमके कुठे असतात, याचा शोध अजून लागलेला नाही. ते ग्राहकाच्या खिशात नसतात, कारण खिशातून नुकतेच 2,940 रुपये गेलेले असतात. ते बँकेत नसतात, पासबुकात नसतात, डब्यात नसतात. तरीही हा आकडा घरी गेल्यावर मोठ्याने वाचला जातो आणि ऐकणारा मान डोलावतो. खरेदी वाढली की बचत वाढते, हे या शास्त्राचे पहिले प्रमेय. जो दारातूनच परत फिरला त्याची बचत शून्य. ज्याने महिन्याचे सामान भरले त्याची बरी. ज्याने दोन ट्रॉल्या भरल्या, त्याच्या दूरदृष्टीला तोड नाही. हे प्रमेय शेवटपर्यंत नेले तर कुटुंबाच्या सर्व विवंचना मिटतात. महिना 40,000 रुपये पगार असलेल्या गृहस्थाने सगळा पगार वीस टक्के सवलतीने इथेच खर्चला, तर महिन्याला 10,000 रुपये बचत होते. पगारातून एवढे शिल्लक टाकणे त्याच्या वडिलांनाही जमले नव्हते. त्याने चार लाखांचे कर्ज काढून केचप, नूडल्स आणि फिनेल आणले, तर एक लाख रुपये एका दुपारीत वाचतात आणि कर्जाच्या हप्त्याची चिंता उरत नाही, कारण हप्ता बचतीतून भरता येईल. मुलीच्या शिक्षणाची सोय बाराव्या वर्षीच होते. अडचण एकच: कॉलेजच्या फीच्या खिडकीवर अजून अशी बिले घेत नाहीत. पोस्टातल्या आवर्ती ठेवीत पैसे आधी ठेवावे लागतात आणि नंतर मिळतात. इथे ते आधी जातात आणि नंतर फक्त कळवले जाते. दारातला पहारेकरी बिल तपासून त्याला एक भोक पाडतो. ते भोक बचतीच्या आकड्यावरच पाडावे, एवढी सुधारणा तरी करता येण्यासारखी होती.

यात हसण्यासारखे खरे तर फार नाही. ज्या भावाने कोणी विकत नाही त्यातून ज्या भावाने सगळे विकतात तो वजा केला, तर उरते ती बचत नव्हे, ती छापखान्याची शाई. ही शाई वाचून शिकलेसवरलेले लोक रविवारची दुपार रांगेत घालवतात, आणि जिथे खरोखर पैसे वाचतात त्या गव्हाच्या पिंपाजवळ कुणी थांबत नाही. पिंपावर लाल पाटी नसते ना!

ग्राहकाच्या हातात एक हत्यार देण्याचा प्रयत्न झाला होता, हे नोंदवणे न्यायाचे ठरेल. पूर्वी बिस्किटे, चहा, तेल वगैरे वस्तू ठरावीक वजनांतच भराव्या लागत. 2021 सालच्या दुरुस्तीने ती अट काढली आणि त्याबदली पाकिटावर एकक दर छापणे सक्तीचे केले, म्हणजे वजने कितीही चित्रविचित्र असली तरी तुलना करता यावी. कल्पना उत्तम. आता अंमल पाहावा. एक किलोपेक्षा जास्त वजन असेल तर दर किलोला, कमी असेल तर दर ग्रॅमला, आणि तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. ग्रॅमच्या भावाने लोक सोने आणि केशर घेतात. त्या भावाने बेसन घेणारा ग्राहक आजवर कुणी पाहिला नसेल. बरे, ग्रॅममागे एक पैसा म्हणजे किलोमागे दहा रुपये. समजा, 500 ग्रॅमचे पाकीट 72 रुपयांना आहे आणि 900 ग्रॅमचे 122 ला. पहिले किलोला 144 पडते, दुसरे सुमारे एकशे साडेपस्तीस, पण दोन्ही पाकिटांवर दर एकच: ₹ 0.14 प्रति ग्रॅम. आठ रुपयांहून जास्त फरक त्या दोन दशांशांनी गिळला. जे साधन तुलनेसाठी दिले तेच तुलना पुसून टाकते. शिवाय हा दर काढलेला असतो एमआरपीवरून, दुकानातल्या भावावरून नव्हे, आणि छापलेला असतो मुंगीच्या अंगाएवढ्या अक्षरांत, बहुधा पिशवीच्या शिवणीवर. हा नियम लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी पिशवी घेऊन बाजारात जायला हवे होते. किलोचा भाव किलोत लिहा, दुकानातल्या भावावर लिहा, एवढेच तर मागणे आहे! तोवर मोबाइलमधला कॅल्क्युलेटर हाच पाकीटबंद पदार्थ निवडण्याचा एकमेव भरवशाचा मार्ग.

तेलाच्या बाबतीत तो काढावाच लागतो. एक लिटर खाद्यतेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. फळीवर मात्र आठशे-साडेआठशे ग्रॅमच्या पिशव्या लिटरच्या पिशवीला खेटून, तिच्याच उंचीने उभ्या असतात आणि स्वस्त दिसतात. मिश्र तेलात प्रत्येक तेल वजनाने निदान 20 टक्के असावे लागते, त्यामुळे पुढच्या बाजूला चित्र 20 टक्क्यांचे असते आणि पिशवीत 80 टक्के दुसरेच असू शकते. प्रमाण लेबलवर दिलेले असते, ते वाचावे. एकाच प्रकारचे शेंगदाणा, सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल, पाच लिटरच्या डब्यात, हे इथे घेण्याजोगे.

‘एकावर एक फुकट’ या वर्गात पदार्थ कमी आणि संवाद जास्त असतो. “अहो, एकावर एक आहे.” “मग दोन घे.” अशा रीतीने चार केचपच्या बाटल्या घरी येतात, जिथे केचप फक्त पाहुण्यांच्या मुलांना लागते. या वर्गातील मालाची तारीख पाहण्याची पद्धत आहे, पण दोन बाटल्यांना बांधणारी चिकटपट्टी बरोबर तारखेवर बसवलेली असते. तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ ही चवीची मुदत, ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ ही जिवाची. पहिली महिनाभरावर आलेले नूडल्स घ्यायला हरकत नाही. दुसरी परवावर आलेले पनीर एकावर दोन दिले तरी घेऊ नये.

पाच-दहा रुपयांची बिस्किटे कुठेही घ्यावीत. त्यांची किंमत वर्षानुवर्षे तीच राहते, वजन तेवढे कमी होते. पिशवीतले ताजे दूध इथे घेण्यात काही हशील नाही. दूधवाला ते दारात आणून देतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या खोक्यातल्या दुधाचा एखादा डबा असावा.

गोठवलेल्या पदार्थांत मटार घ्यावेत, अर्थात जानेवारीत नव्हे, कारण तेव्हा मंडईत ताजे स्वस्त असतात. आइस्क्रीमच्या फ्रीजमध्ये मात्र सावध राहावे. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचे स्निग्धांश निदान 10 टक्के असावे लागतात. ज्यात वनस्पती तेल किंवा वनस्पती स्निग्धांश घातलेला असतो त्याला ‘फ्रोजन डेझर्ट’ म्हणावे लागते. दोन्ही त्याच फ्रीजमध्ये, त्याच रंगाच्या डब्यात, त्याच पिस्त्याच्या चित्रासह ठेवलेले असतात आणि एकावर एक फुकट असतो तो बहुधा दुसरा. मुलांना यातला फरक कळत नाही. मोठ्यांना तो घशात राहिलेल्या तुपकट थरावरून रात्री कळतो.

पेयांमध्ये चहा पावडर किलोच्या पाकिटात घ्यावी. सव्वादोन लिटरची थंड पेयाची बाटली पाहुणे आठ असतील तरच. तिघांच्या घरात दुसऱ्या दिवशी ती गोड पाणी होते. आंब्याचे पेय हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. खोक्यावर हापूस असतो, देठाला पान असते, एक थेंब निथळत असतो. आत बहुधा तोतापुरीचा गर असतो आणि फळपेय म्हणवून घेण्यासाठी तो 10 टक्के असला तरी पुरतो. लिंबाच्या पेयाला 5 टक्केही चालतात. उरलेले नव्वद किंवा पंच्याण्णव टक्के पाणी आणि साखर, म्हणजे ज्या दोन वस्तू ग्राहकाच्या घरी आधीच असतात. त्यातली साखर तर त्याने मघाशी त्याच दुकानात किलोच्या भावाने घेतलेली असते. पाच रुपयांच्या दोन लिंबांत पातेलेभर सरबत होते, पण त्यावर एमआरपी नसते, म्हणून बचतही होत नाही.

कोकणातली पेये अलीकडे या फळ्यांवर दिसू लागली आहेत. कोकम सरबताच्या बाटलीत साखरेचा पाकच मुख्य असतो, तेव्हा ती गोडासाठी घ्यावी, कोकमासाठी नव्हे. सोलकढीसाठी लागते ते आगळ: साखर नसलेले, मीठ घातलेले, गडद. त्याच्या बाटलीवर चित्र साधे असते, सवलत नसते आणि बहुतेक वेळा बाटलीच नसते. ते कुडाळ, मालवणकडून कुणी येत असेल तर मागवावे.