कादंबरीकारासाठी काशीयात्रा

ऐतिहासिक कादंबरी लिहायची ठरली की घरी बसून पहिलं वाक्य लिहू नये. एक लिहिलं की पुढची लिहावी लागतात. त्यापेक्षा संदर्भ गोळा करायला काशी गाठावी. विषय हवा असेल तर घ्या: १६७४ साली गागाभट्ट राज्याभिषेकासाठी रायगडाकडे निघतात.

पहाटे घाटावर बसून वातावरण टिपावं आणि दुपारी ते खोडावं. समोरचे दगडी घाट बहुतेक अठराव्या शतकातले किंवा नंतरचे. भोसले घाट, अहिल्या घाट, शिंदे घाट: पैसा आपल्याच लोकांचा, पण शंभर वर्षं उशिरा आलेला. विश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाईंचं, १७८० चं. शिखरावरचं सोनं त्याहून नंतरचं, रणजितसिंहांचं. दशाश्वमेधावरच्या झगमगाटी आरतीला तर अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत. गागाभट्टांनी तिला हात जोडले की परीक्षणकार तुम्हाला जोडतील. कचोरीबरोबरच्या रश्शात बटाटा असतो. तो आपण खावा, भट्टांच्या पानात वाढू नये.

मग तीर्थोपाध्यायांकडे जावं. ते आडनाव, गाव विचारतात, लाल फडक्यातून लांबट वही सोडतात आणि बोट फिरवत फिरवत थेट तुमच्या पणजोबांच्या सहीवर थांबतात. कादंबरीला उपयोग शून्य. दक्षिणा द्यावी.

खरा ऐवज घाटावर नाही, भट्टांच्या वंशावळीत आहे. घराणं मूळ पैठणचं. गागाभट्टांचे पणजोबा नारायणभट्ट. अकबराच्या काळात विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकाराने, असं परंपरा सांगते. ते देऊळ औरंगजेबाच्या हुकमाने १६६९ मध्ये पाडलं गेलं. म्हणजे राज्याभिषेकाच्या अवघी पाच वर्षं आधी. आणि गागाभट्टांचं खरं नाव विश्वेश्वर! पणजोबांनी उभारलेलं देऊळ डोळ्यांदेखत गेलेला हा पंडित एका नव्या राजाच्या अभिषेकाची पोथी रचतो. याहून मोठा प्रसंग कल्पनेने रचून दाखवा. (आपल्याकडच्या कादंबऱ्यांत ते बहुधा फक्त दर्भ घेऊन उभे असतात.)

इतकं हाती लागल्यावर लिहायला बसण्याचा मोह होतो. तो आवरावा. गागाभट्ट अजून काशीतून हललेले नाहीत. रायगडापर्यंतचा रस्ता, मुक्काम, नर्मदेचा उतार, पालखीच्या भोयांची मजुरी, सगळं शोधायचं राहिलंय. बुऱ्हाणपूरची तिकिटं आजच काढावीत. प्रकाशकाने फोन केला तर सांगावं, भट्ट निघालेत.